काकेशसची राज्ये आणि माणसे (लेखांक ७ वा) : सुलखान-साबाचे धर्मांतर

कार्तलीच्या ख्रिस्ती राजास इस्फहानच्या शाहाकडून वालीपदाची सनद हवी असेल तर निदान नावापुरता तरी इस्लाम स्वीकारावा लागे, ही जी विपरीत अवस्था गेल्या लेखांकात आपण पाहिली, ती ध्यानी घेतल्यावाचून सुलखान-साबा ओरबेलियानी (१६५८–१७२५) या सरदाराने कॅथलिक पंथ का स्वीकारला याचा उलगडा होणार नाही. हा कोणी भाबडा भाविक नव्हता. बड्या घराण्यात जन्मलेला, पुढे राजा झालेल्या सहाव्या वख्तांगचा गुरू, जॉर्जियन भाषेचा कोशकार आणि मिस्कील बोधकथांचा कर्ता अशी त्याची ख्याती होती. १६९८ मध्ये संन्यास घेऊन गारेजाच्या मठात त्याने ‘साबा’ हे नाव धारण केले खरे, परंतु राजकारणाने त्याला सोडले नाही, आणि त्यानेही राजकारणाला.

रोम त्याला सर्वस्वी परके वाटण्याचे कारण नव्हते. राणी रुसुदानने १२२४ मध्येच पोपशी पत्रव्यवहार केला होता. तिबिलिसीत १६६३ पासून वास करणारे कापुचिन पाद्री वैद्यकीच्या बळावर दरबारात मानमरातब मिळवून होते. आणि शाह अब्बासच्या अमदानीत धर्म सोडण्यास नकार दिल्यामुळे १६२४ मध्ये शिराझ येथे हालहाल करून मारलेल्या राणी केतेवानच्या अस्थी ज्यांनी जतन केल्या, काही तिच्या पुत्राकडे पोहोचविल्या आणि काही आपल्या गोव्यातील मठात नेऊन ठेवल्या, ते ऑगस्टिनियन साधूही लॅटिन पंथाचेच होते. केतेवान स्वतः ऑर्थोडॉक्सच राहिली. तरी ज्यांच्याकडून असा उपकार घडला त्यांच्या पंथास पाखंड म्हणणे विचारी जॉर्जियनास जड गेले असल्यास नवल नाही.

आता राजकीय बाजू. कॉन्स्टँटिनोपल १४५३ मध्ये पडल्यापासून पूर्वेकडील ख्रिस्ती मंडळींचा आधारस्तंभच तुर्कांच्या ताब्यात होता. एका अंगास सुलतान, दुसऱ्या अंगास शाह, तेव्हा मदतीची आशा पश्चिमेकडेच. १७१२ मध्ये वख्तांगला इस्फहानास पाचारण झाले, धर्मत्यागास नकार देताच त्याची नजरकैद झाली, आणि त्याच्या सुटकेसाठी साबा युरोपास निघाला. १७१४ मध्ये व्हर्सायला चौदाव्या लुईने त्याची भेट घेतली, रोममध्ये पोप अकराव्या क्लेमेंटने त्याचा सत्कार केला. आदरातिथ्य उत्तम झाले, हाती काही पडले नाही. फ्रान्सचा खजिना दीर्घ युद्धाने रिता झालेला, राजा वृद्ध, शिवाय इराणशी व्यापाराची बोलणी चाललेली. अशा वेळी डोंगरातल्या एका राजासाठी शाहास कोण दुखविणार?

म्हणून त्याचे धर्मांतर निव्वळ मुत्सद्देगिरी होती असे कित्येकांचे मत आहे. मला ते पटत नाही. रोमशी त्याचे नाते या वकिलातीपूर्वीच जुळले होते. आणि ज्याने इस्लाम स्वीकारू नये म्हणून ही सारी यातायात केली, त्या वख्तांगनेच १७१६ मध्ये शाहाची अट मान्य केली. मायदेशी परतल्यावर साबाच्या वाट्यास स्वकीय धर्माधिकाऱ्यांचा रोष तेवढा आला. सौदाच असता तर तो मोडण्यास याहून सोयीची घडी कोणती? माझ्या मते श्रद्धा आणि राज्यहित यांची वेगवेगळी खाती मांडण्याची सवय आपली आहे, त्याची नव्हती.

१७२४ मध्ये तुर्कांच्या आक्रमणामुळे परागंदा झालेल्या वख्तांगसह तो रशियास गेला आणि पुढल्याच वर्षी मॉस्कोत वारला. लुईने जे दिले नाही ते पीटरकडून मिळेल असा भरवसा वख्तांगने कशाच्या जोरावर धरला, हा पुढील लेखांकाचा विषय.