जळका वास आला तर आधी मेन स्विच

चिंचवडच्या पूर्णानगरमध्ये ३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली आणि आत झोपलेले एकाच घरातले चौघे गेले. शॉर्टसर्किटचा अंदाज तेव्हा सांगितला गेला. चाकण-म्हाळुंगेकडच्या आपल्या भाड्याच्या खोल्यांनाही बहुधा एकच दार, आणि दाराशीच गाडी, सिलिंडर, चार्जिंग. निदान रात्री तरी ती वाट मोकळी ठेवा.

टीव्हीतून जळका वास आला तर पाणी मारू नका. मेन स्विच पाडा. आगीने पेट घेतलाच असेल तर पोरांना घेऊन बाहेर पडा, मग १०१ लावा. दागिने-कागद राहू द्या.

मोबाईलची बॅटरी फुगून झाकण उचललं, की चार्जिंग बंद. दाबायची नाही, टोचायची नाही. उशीखाली चार्जिंगला लावून झोपायचं, हे तर रात्रपाळी करून आलेल्या प्रत्येक घरधन्याचं!

सगळ्यात जास्त धोका मला पत्र्याच्या खोलीचा वाटतो. भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर हसण्यावारी नेऊ नका. पत्र्यात करंट उतरलेला असतो. कुणी चिकटलं तर त्याला धरू नका, आधी मेन बंद. फ्यूजला एवढी बारीक गळती कळत नाही, ईएलसीबीला कळते आणि ते लगेच वीज तोडतं. ते घरमालकाकडे मागा. एकटी गेली तर "बघू" म्हणतो, म्हणून गटातल्या सगळ्या भाडेकरणी मिळून जा. बाहेरची तार तुटली असेल तर मात्र जवळ न जाता महावितरणला १९१२ वर कळवा.