कानसेनांसाठी जॅझ

‘जॅझ ऐकायला सुरुवात कुठून करावी?’ हा प्रश्न अलीकडे मला वरचेवर विचारला जातो. विचारणारे बहुतेक जण गाण्यातले चांगले दर्दी असतात. मैफलींना रात्र रात्र जागवलेले, कुमार गंधर्व आणि किशोरीताईंच्या ध्वनिमुद्रिका जिवापाड जपलेले. एखाद्या हॉटेलात किंवा घरातल्या तरुण मंडळींच्या मोबाईलवर त्यांच्या कानी सॅक्सोफोन पडतो. क्षणभर बरा वाटतो. मग त्यांची तक्रार ठरलेली असते : ‘सुरुवातीला छान चाल होती हो! मग ती गेली कुठे? नंतर नुसता जो तो आपापलं वाजवत सुटतो.’

या तक्रारीतच उत्तर दडलेलं आहे, असं मला नेहमी वाटतं. चाल कुठेही गेलेली नसते. ती चालूच असते. फक्त उघडपणे कुणी वाजवत नसतं. वाजवणारे चौघे-पाच जण ती मनात धरून असतात आणि ऐकणाऱ्यानेही ती मनात धरावी, एवढीच त्यांची अपेक्षा असते. हे जमलं की निम्मा जॅझ समजला. आणि ज्याला विलंबित एकतालात सम कुठे आहे हे डोळे मिटून सांगता येतं, त्याला हे न जमायला काय झालं?

थोडं खोलात जाऊ. ख्यालात तबलजी ठेका धरून बसतो, गवई त्या आवर्तनावर हवा तसा विहार करतो आणि अचूक समेवर येतो. जॅझमध्येही आवर्तन असतं, मात्र ते निव्वळ मात्रांचं नसतं. पियानोवर आणि डबल बासवर एका ठरावीक क्रमाने बदलत जाणाऱ्या स्वरसंगती, म्हणजे ‘कॉर्ड’, यांचं ते आवर्तन असतं. पुष्कळशा जुन्या चाली ३२ ‘बार’च्या असतात. एक बार चार मात्रांचा धरला तर झाल्या १२८ मात्रा. त्याचे आठ-आठ बारचे चार भाग पडतात. पहिला भाग, पुन्हा तोच, मग एक वेगळा, आणि शेवटी परत पहिल्यासारखा. आपल्या भाषेत सांगायचं तर अस्थाई, अस्थाई, अंतरा, अस्थाई. दुसरा लोकप्रिय साचा ‘ब्लूज’चा, तो १२ बारचा, म्हणजे ४८ मात्रांचा. या अख्ख्या आवर्तनाला जॅझवाले ‘कोरस’ म्हणतात. सिनेमातल्या गाण्यात मागे ‘आऽऽ’ करणाऱ्या कोरसशी त्याचा काही संबंध नाही.

मैफलीचा रिवाजही सोपा आहे. आधी सगळे मिळून चाल एकदा वाजवतात. मग एकेक वादक पुढे येतो आणि त्याच आवर्तनावर आपली उपज मांडतो. एकाची संपली की दुसरा. शेवटी पुन्हा सगळे मिळून मूळ चाल. मधल्या उपजेच्या काळात चाल जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्यासारखी असते. दिसत नाही, पण झाडं तिच्यावरच उभी असतात.

आता कुठून सुरुवात करायची? माझं उत्तर एकच असतं आणि ते ऐकून जाणकार मंडळी ‘त्यात नवं काय सांगितलंत?’ असं म्हणतात. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही ध्वनिमुद्रिका. न्यूयॉर्कमध्ये २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ अशा अवघ्या दोन दिवसांत ती मुद्रित झाली. सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अ‍ॅडर्ली, पियानोवर बिल एव्हान्स (एका रचनेत विंटन केली), डबल बासवर पॉल चेंबर्स आणि ड्रम्सवर जिमी कॉब. पाचच रचना. सगळ्यांना आवडते म्हणून ती मी सुचवतो असं मात्र नाही. आपल्या कानाला ती इतर कुठल्याही जॅझपेक्षा जवळची आहे, हे माझं कारण.

त्या काळच्या जॅझमध्ये कॉर्ड भराभर बदलत. दर एक-दोन बारला नवी. वादकाची सगळी बुद्धी त्या उड्या सांभाळण्यात खर्ची पडे. माइल्सने या मुद्रिकेत त्या कमी केल्या आणि वादकाला एकेका स्वरसप्तकात बराच वेळ रमू दिलं. पहिलीच रचना पाहा. तिचं नाव ‘सो व्हॉट’. तिच्या मुख्य भागाचे स्वर आहेत शुद्ध रिषभ, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, शुद्ध धैवत आणि कोमल निषाद. हा तर आपला काफी थाट! अर्थात म्हणून तो काफी राग होत नाही. रागाचं चलन, वादी-संवादी तिथे शोधू नयेत. पण स्वर ओळखीचे आहेत म्हटल्यावर कान जरा सैलावतो.

सुरुवातीला पियानो आणि बासचं थोडं ताल सोडून चाललेलं बोलणं आहे. मग चाल सुरू होते, आणि ती वाजवतो कोण? डबल बास! एरवी मागे उभा राहून साथ करणारं हे वाद्य इथे पुढारी होतं. ते एक वाक्य बोलतं आणि बाकीचे त्याला दोन स्वरांत उत्तर देतात. भजनात बुवांनी ओळ म्हणावी आणि टाळकऱ्यांनी ती उचलावी, तसं. हे झालं आठ बार. पुन्हा तेच आठ. आणि मग अंतरा येतो तेव्हा गंमत होते. तेच स्वरसप्तक अर्ध्या स्वराने वर सरकतं. म्हणजे चक्क षड्जच उचलून वर ठेवला! आपल्या तानपुऱ्याला हे कधी खपायचं नाही. आपल्याकडे षड्ज म्हणजे घराची जमीन. राग बदलेल, पण मैफलीच्या मध्यावर जमीन हलत नाही. इथे ती आठ बार हलते आणि परत जागेवर येते.

आपल्या कानाला बसणारा हा धक्का हीच आपली खूण. चाल संपल्यावर माइल्स एकटा वाजवू लागतो, तेव्हा गुडघ्यावर बोटांनी बार मोजत बसा. सोळा बार झाले की जमीन वर सरकते, आठ बारांनी खाली येते, आणखी आठ झाले की आवर्तन पूर्ण. माइल्स अशी दोन आवर्तनं वाजवतो. मी आजही ही रचना मोजत ऐकतो आणि मोजल्यामुळे रसभंग झाल्याचं मला आठवत नाही. उलट, तो किती कमी स्वर वाजवतो, किती ठिकाणी नुसता थांबतो आणि ती थांबलेली जागाही कशी हिशेबात असते, हे मोजल्यामुळेच कळतं. पाठोपाठ कोल्ट्रेन येतो आणि त्याच जागेत स्वरांचा पाऊस पाडतो. एकच बंदिश दोन घराण्यांच्या गवयांनी पाठोपाठ गावी, तसा हा अनुभव आहे.

एक छोटी अडचण हाताची. आपला हात पहिल्या मात्रेवर पडतो, समेची सवय आहे ना! जॅझमध्ये ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. ड्रम्सवाला पायाने झांजेची जोडी मिटतो ती तिथेच. एक-‘दोन’-तीन-‘चार’. दोन दिवस चुकल्यासारखं वाटतं. तिसऱ्या दिवशी खांदे आपोआप डोलू लागतात. त्या डोलण्यालाच ‘स्विंग’ म्हणतात, आणि त्याची याहून चांगली व्याख्या माझ्यापाशी नाही.

आणखी एक व्यवहारातली सूचना. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरवर डबल बास जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि ‘सो व्हॉट’ची चाल तर बासवरच आहे. तेव्हा कानाला हेडफोन लावा किंवा घरातला बरा स्पीकर काढा. पहिल्यांदा सगळं मिळून ऐका. दुसऱ्यांदा फक्त बास. तिसऱ्यांदा फक्त ड्रम्स. चौथ्यांदा पुन्हा सगळं मिळून. आता हातातल्या यंत्रात हजारो ध्वनिमुद्रिका एका बोटावर मिळतात, त्यामुळे एकीवर थांबणं अवघड झालंय हे खरं. पण रेकॉर्ड विकत घ्यावी लागे त्या काळी माणूस एकच तबकडी झिजेपर्यंत ऐकायचा, आणि त्या झिजण्यातच कान तयार व्हायचा.

ज्यांना वाद्यांपेक्षा गळा प्यारा, त्यांनी १९५६ ची ‘एला अँड लुई’ ऐकावी. एला फिट्झजेराल्डचा धुतल्या तांदळासारखा स्वच्छ आवाज आणि शेजारी लुई आर्मस्ट्राँगचा वाळूतून चालल्यासारखा खरखरीत गळा. रविवारी सकाळी घरातल्या सगळ्यांनी बसून ऐकावी अशी ही जोडी आहे. मग एलाची १९६० च्या बर्लिनच्या मैफलीची ध्वनिमुद्रिका. ‘मॅक द नाइफ’ गाताना तिला भर मैफलीत शब्द आठवेनात. ती थांबली नाही. तालात, चालीत, तिथल्या तिथे नवे शब्द रचत गेली, लुईची नक्कलही करून घेतली आणि आवर्तन पूर्ण केलं. पुढे त्याच गाण्याला ग्रॅमी पारितोषिक मिळालं. शब्द गेले तरी चाल हातात असली की कलावंत कसा तरून जातो, याचा याहून देखणा पुरावा शोधून सापडणार नाही.

‘साउंड ऑफ म्युझिक’ हा १९६५ चा सिनेमा घराघरांतून पाहिला गेला. त्यातलं ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ ठाऊक असेल, तर कोल्ट्रेनने मूळ नाटकातली तीच चाल १९६० साली कशी वाजवली ते ऐका. तीन-तीन मात्रांची लय, सनईच्या जवळ जाणारा सोप्रानो सॅक्सोफोनचा आवाज, आणि एकाच आसेवर लांबवर चाललेली बढत. पुढे कोल्ट्रेनने रविशंकरांच्या नावावरून आपल्या मुलाचं नाव रवी ठेवलं. तो मुलगाही सॅक्सोफोनवादक झाला.

तसं पाहिलं तर हे सूर आपल्या कानांना फार परके नाहीतच. १९३५ साली लिऑन अ‍ॅबे या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचं पथक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आलं. त्याच्या मागोमाग आणखी आले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन वाचायला शिकून मुंबईत पोट भरायला आलेल्या वादकांनी ते संगीत कानात साठवलं. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात साथ, असा अनेकांचा दिनक्रम झाला. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनिओ झेवियर वाझ, हा आपल्या सी. रामचंद्रांचा सहायक होता. भगवानदादांच्या ‘अलबेला’ची (१९५१) गाणी आजही वरातीत पाय थिरकवतात, त्यात या गोवेकरांच्या पितळी वाद्यांचा वाटा मोठा आहे. डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये आणि ड्यूक एलिंग्टन १९६३ मध्ये मुंबईत वाजवून गेले. १९७८ पासून मुंबईत ‘जॅझ यात्रा’ भरू लागली.

पण या संगीताचं एक अंग आपल्या वाट्याला आलेलं नाही, ते समजून घ्यायला हवं. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात काँगो स्क्वेअर नावाची मोकळी जागा आहे. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांना रविवारी तिथे जमून ढोल वाजवायची, नाचायची मुभा होती. आठवड्याचा तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा. त्याच शहरात १९०१ साली लुई आर्मस्ट्राँग जन्मला. पोरवयात पिस्तुलाचा बार उडवला म्हणून त्याला सुधारगृहात धाडलं, आणि तिथल्या बँडमध्ये तो कॉर्नेट शिकला. १९६३ च्या सप्टेंबरात बर्मिंगहॅम शहरातल्या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बाँब ठेवला आणि चार कृष्णवर्णीय मुली मेल्या. दोनच महिन्यांनी कोल्ट्रेनने ‘अ‍ॅलाबामा’ ही रचना मुद्रित केली. तिची सुरुवात तालाशिवाय आहे, आलापासारखी. तिला शब्द नाहीत, लागतही नाहीत.

आणि ‘काइंड ऑफ ब्लू’? ती १७ ऑगस्ट १९५९ रोजी बाजारात आली. वाजवणाऱ्यांत बिल एव्हान्स एकटा गोरा, बाकी सारे काळे; स्टुडिओत कुणाची कातडी कुणी मोजली नाही, प्रत्येकाने दुसऱ्याचं ऐकलं. आठच दिवसांनी, २५ ऑगस्टला, माइल्स डेव्हिस न्यूयॉर्कमधल्या ‘बर्डलँड’ या क्लबबाहेर उभा होता. त्याच रात्री तो आत वाजवत होता. एका गोऱ्या स्त्रीला टॅक्सीपर्यंत पोचवून तो दाराशी थांबला, तेव्हा पोलिसाने त्याला हटकलं. दारावरच्या पाटीवरचं स्वतःचं नाव त्याने दाखवलं. पोलिसांनी त्याचं डोकं फोडलं आणि अटक केली. रक्ताने माखलेल्या कपड्यांतला त्याचा फोटो आजही पाहायला मिळतो.

हे कळल्यावर ‘सो व्हॉट’मधल्या त्या थांबलेल्या जागा मला वेगळ्या ऐकू येतात. बाहेर ज्यांना दोन पावलं टाकायलाही परवानगी लागत होती, त्यांनी आत एक अशी जागा केली, जिथे प्रत्येकाला आपल्या मनासारखं बोलता येतं आणि तरी सगळ्यांची चाल एकच राहते. तेव्हा पहिला महिना दुसरं काही ऐकू नका. मधेच चाल हरवली असं वाटलं, तरी रेकॉर्ड बंद करू नका. बोटांवर मोजत राहा. ती परत येते.