जुनी मोटारसायकल आणि तपासणीचा शिक्का

ग्रेट ब्रिटनमध्ये १९६० साली वाहनांची तपासणी सुरू झाली. परिवहन मंत्रालयाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला आजही एम.ओ.टी. म्हणतात. सुरुवातीला ती दहा वर्षांहून जुन्या वाहनांपुरतीच होती आणि तीत ब्रेक, दिवे व स्टिअरिंग एवढेच पाहत. १९६७ साली तीन वर्षे झालेली वाहनेही तिच्या कक्षेत आली. पुढे मात्र उलटे घडले. नोव्हेंबर २०१२मध्ये १९६०पूर्वीच्या वाहनांना या तपासणीतून सूट मिळाली. मे २०१८पासून ती चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठा फेरफार न झालेल्या वाहनांना मिळू लागली. त्यांत मोटारसायकलीही आल्या. जी परीक्षा जुन्या गाड्यांसाठी जन्मली, तिला सर्वांत जुन्या गाड्यांनी बसण्याची सक्ती नाही, असे का झाले? उत्तर शोधण्याआधी या परीक्षेवर विश्वास किती ठेवावा, ते पाहू.

परीक्षेचे दोन गुण आपल्याला परिचित आहेत: विश्वसनीयता आणि सप्रमाणता. तीच उत्तरपत्रिका दोघांनी तपासली तर गुण सारखे पडतात का, हा विश्वसनीयतेचा प्रश्न. जे मोजायचे तेच मोजले जाते का, हा सप्रमाणतेचा. मोटारसायकलीच्या तपासणीलाही हे दोन्ही प्रश्न विचारता येतात.

ब्रेकचे उदाहरण घ्या. ब्रेकचे एकूण बल भागिले गाडी व स्वार यांचे एकत्रित वजन, ही झाली ब्रेकची कार्यक्षमता. एम.ओ.टी.मध्ये मोटारसायकलीच्या एका ब्रेकची कार्यक्षमता सर्वसाधारणपणे किमान ३० टक्के आणि दुसऱ्याची २५ टक्के लागते. ३० टक्के म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या ०.३ पट मंदन. ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर वेगाने जाणारी गाडी एवढ्या मंदनाने थांबायला सुमारे ३३ मीटर घेते. मंदन दुप्पट केले तर हे अंतर निम्मे होते. हे गणित नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना गतीच्या समीकरणावरून सहज करता येईल.

ही कार्यक्षमता मोजताना चाक एका रोलरवर ठेवतात. रोलर अगदी सावकाश फिरतो, त्यामुळे मोजला जातो तो थंड ब्रेक. रस्त्यावर मात्र २५० किलोग्रॅम वजनाची गाडी (स्वारासह) त्याच वेगावरून थांबवताना सुमारे २४,००० जूल गतिज ऊर्जेची उष्णता होते. जुन्या गाड्यांच्या बंद ड्रममध्ये ती साठत जाते. घाटात वारंवार ब्रेक दाबला, की लायनरचे घर्षण घटते आणि तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर सरतो. थंड ब्रेकचे माप दहा वेळा अगदी सारखे आले तरी तापलेल्या ब्रेकबद्दल ते फारसे सांगत नाही. येथे विश्वसनीयता आहे, सप्रमाणता अपुरी आहे.

काही बाबी याच्या उलट असतात. हँडलच्या बेअरिंगमधील ढिलाई किंवा टायरच्या कडेवरील बारीक भेगा तपासनिसाच्या हाताला आणि डोळ्याला जाणवाव्या लागतात. येथे प्रश्न नेमका लागू पडणारा असतो, पण दोन तपासनिसांचे मत वेगळे पडू शकते. पन्नास वर्षांपूर्वीचे यंत्र क्वचितच हाताळलेल्या माणसाला तर मूळची रचना कोणती आणि झीज कोणती, हेही चटकन ठरवता येत नाही.

अशा चुकांचा निकालावर काय परिणाम होतो? समजा, २०० मोटारसायकली तपासणीला आल्या आणि त्यांपैकी २० खरोखर सदोष आहेत. तपासनीस सदोष गाड्यांपैकी ८० टक्के पकडतो आणि निर्दोष गाड्यांपैकी १० टक्के चुकून नापास करतो. मग १६ सदोष आणि १८ निर्दोष, अशा ३४ गाड्या नापास होतील. म्हणजे नापास झालेल्यांतील निम्म्याहून अधिक गाड्या चांगल्या! उत्तीर्ण १६६ गाड्यांत ४ सदोष उरतील. नापासांचे प्रमाण १७ टक्के दिसेल, खरे सदोष प्रमाण मात्र १० टक्केच आहे. तेव्हा केवळ नापासांच्या टक्केवारीवरून गाड्यांची स्थिती ठरवणे धोक्याचे आहे.

आता सूट देण्यामागचा युक्तिवाद पाहू. ब्रिटिश सरकारने २०१२मध्ये सांगितले, की १९६०पूर्वीची वाहने एकूण वाहनांच्या सुमारे ०.६ टक्के आहेत, पण अपघातांतील त्यांचा वाटा ०.०३ टक्केच आहे. म्हणजे प्रत्येक वाहनामागे धोका एकविसांश. परंतु याच वाहनांपैकी दोन तृतीयांश वर्षाला ५०० मैलही, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटरही, धावत नव्हती. छेदस्थानी वाहनांची संख्या घ्यायची की धावलेले अंतर? समजा, ती इतरांच्या एकविसांश अंतर धावत असतील, तर दर किलोमीटरला धोका इतरांएवढाच ठरतो. सुटीचा निर्णय चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. कमी धावणारे वाहन समाजाला कमी धोका देते, हे खरेच आहे. त्यावर बसणाऱ्याला मात्र दर किलोमीटरचा धोका महत्त्वाचा असतो. शिवाय गाडी उभी असली तरी रबर कडक होते आणि केबलला गंज चढतो. म्हणूनच तेथे सूट मिळाली तरी वाहन सुस्थितीत ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मालकावरून हटलेली नाही.

आपल्याकडे खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवतात. जुलै २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील दुचाकीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. ती प्रदर्शन, रॅली अशा कारणांसाठी चालवता येते, रोजच्या वापरासाठी नाही. येथे अंतर कमी करून धोका घटवला आहे. पण जुनी बुलेट किंवा राजदूत नेहमीच्या नोंदणीवर रोज शाळेत नेणाऱ्या शिक्षकाला पाच वर्षांपूर्वीचा शिक्का आजच्या ब्रेकची हमी देत नाही. शिक्का त्या दिवसाचा असतो, लायनर रोज झिजतो.

विद्यार्थ्यांना हे अनुभवता यावे म्हणून एक प्रयोग सुचवतो. शाळेतील दहा सायकलींना क्रमांक द्या. सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून त्यांचे दोष आधी लिहून घ्या आणि यादी झाकून ठेवा. मग आठ विद्यार्थ्यांनी एकमेकांशी न बोलता ब्रेक, टायर, साखळी आणि हँडल तपासून प्रत्येक सायकलीपुढे ‘पास’ किंवा ‘नापास’ लिहावे. किती सायकलींवर आठही जणांचे एकमत झाले? किती दोष निसटले? किती चांगल्या सायकली नापास झाल्या? हे तक्ते फळ्यावर मांडा. प्रयोग संपला, की यादीतील दोष आधी दुरुस्त करून घ्या आणि मगच त्या सायकली मुलांच्या हाती द्या.