दोन बोटांचा फरक

आजी न्हाणीघरात घसरल्या. आता एक पाय किंचित आखूड दिसतोय, पाऊल बाहेरच्या अंगाला वळलंय. एवढ्यावरून डॉक्टरांच्या मनात येतं, खुबा मोडला. एक्स-रेत मग ते बघतात, नेमका कुठे.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला चेंडूसारखं डोकं असतं, त्याखाली आखूड मान. चेंडूला रक्त मिळतं ते मुख्यतः मानेला बिलगून वर चढणाऱ्या बारीक वाहिन्यांमधून. मान मोडून सरकली की त्या तुटतात आणि चेंडू जागच्या जागी उपाशी राहतो. म्हणून उतारवयात तो जोडत बसण्यापेक्षा बहुतेक वेळा काढून धातूचा बसवतात.

पण ठिसूळ, पोकळ झालेल्या हाडात धातूची दांडी घट्ट बसणार कशी? इथे मदतीला येतं ते कवळीचं अ‍ॅक्रिलिक! इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी 1958 च्या सुमारास दंतवैद्यकातला हा पदार्थ खुब्यात आणला. भुकटी आणि द्रव कालवून मळलेला गोळा हाडात भरतात आणि दहा-पंधरा मिनिटांत त्याचा दगड होतो. गंमत म्हणजे तो डिंकासारखा चिकटत नाही, हाडाच्या खाचाखोचांत शिरून अडकून बसतो.

हाड दोन बोटं खाली मोडलं, तर सगळाच हिशेब बदलतो. तिथे रक्त भरपूर, हाड आपलं आपण जुळून येतं; त्याला फक्त धरून ठेवायचं. त्यासाठी आत रॉड टाकतात किंवा प्लेट लावतात. प्लेटची करामत मला जास्त आवडते. चेंडूत रुतवलेल्या जाड स्क्रूचं मागचं टोक प्लेटच्या नळीत मोकळं ठेवलेलं असतं. पेशंटने पाय टेकला की स्क्रू नळीत मागे सरकतो आणि मोडलेले तुकडे एकमेकांवर दाबले जातात. अंगाचं वजनच उपचाराला लागतं.

फक्त स्क्रू जाळीदार हाडात टिकला पाहिजे. ही जाळी किती झिजलीय, हे साध्या एक्स-रेवरून ओळखायच्या सहा पायऱ्या 1970 साली मनमोहन सिंग या भारतीय डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांसह मांडल्या (माजी पंतप्रधान नव्हेत!). जाळी विरळ असेल तर स्क्रू लोण्यातून सुरी जावी तसा बाहेर येऊ शकतो. म्हणून सर्जन पडद्यावर समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून बघत त्याचं टोक चेंडूच्या मधोमध, कूर्चेखालच्या टणक थराजवळ नेतात. दोन्ही चित्रांत चेंडूच्या माथ्यापासून टोकापर्यंतचं अंतर मोजून बेरीज करतात. ती 25 मिलिमीटरच्या आत हवी.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट वॉकर घेऊन येतात. "आजी, टेका पाय." आजी कण्हत, रागावत पाय टेकतात. आत स्क्रू केसभर सरकतो.