खडी, कर्जमाफी आणि गाळ : बुलढाण्याचा मागोवा

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे जे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात, त्यांपैकी वरच्या भागातील चिखली-मेहकरकडचा शेतकरी पावसाच्या स्वाधीन आहे, तर खाली पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहीर खणली तरी पाणी खारट लागते. आणि या दोघांच्याही कापसाचा भाव, १८७० साली लॉर्ड मेयो यांनी खामगावचा लोहमार्ग खुला केला तेव्हापासून तरी, गावाच्या वेशीबाहेरच ठरत आला आहे. आपत्तीची कारणे ज्याच्या हाती नाहीत त्याच्या पदरी जबाबदारी किती घालावी आणि सरकारने आपला हात कोठे आखडता घ्यावा, हा प्रश्न या जिल्ह्यापुढे सव्वाशे वर्षे निरनिराळ्या वेषांत उभा राहत आला आहे.

इंग्रजी अमलाने त्याचे जे उत्तर दिले, त्याच्या मुळाशी संशय होता. मदत सुखाची झाली तर रयत आळसावेल या भीतीने १८७७ च्या दुष्काळात रिचर्ड टेंपल यांनी मजुराची रोजी एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली होती. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळून निघाले. त्यानंतर नेमलेल्या मॅकडोनेल आयोगाने मात्र १९०१ साली असा अभिप्राय दिला की, तगाई आणि शेतसाऱ्याची तहकुबी वेळीच जाहीर करून लोकांना प्रथम धीर द्यावा. आधी माणसाला खचू द्यावे आणि मग त्याच्याकडून उद्यमाची अपेक्षा करावी, यातील विसंगती परक्या सरकारच्या दप्तरातही अशी नमूद झाली.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आणि नालाबांधावर माती वाहणाऱ्या स्त्री-पुरुषांनी महाराष्ट्र भरून गेला, तेव्हा वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे करून पाहिलेला रोजगार हमीचा प्रयोग राज्याच्या उपयोगी पडला. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली मंजूर होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारीभत्ता द्यावा, आणि या खर्चासाठी शहरातील पगारदार-व्यापाऱ्यांनी १९७५ च्या कायद्यानुसार व्यवसायकर भरावा, अशी ही रचना होती. तिच्यातील मर्म असे की, दारिद्र्याचा दाखला कोणाला मागावा लागत नव्हता. भर उन्हात जो कुदळ उचलावयास तयार आहे, त्याची गरज त्या तयारीनेच सिद्ध होत होती, आणि हजेरीपटावर अंगठा उठविणारी बाई कोणाच्या उपकारावर जगत नव्हती. सरकारची हमी आणि व्यक्तीचा कष्ट यांचा इतका सरळ मेळ पुढे क्वचितच बसला. तिच्यातील उणीव होती ती निगेच्या बाबतीत : काम कचेरीत ठरे, पाझर तलाव तयार होई, मुकादम हजेरीपट मिटून निघून जाई, आणि त्यानंतर तलाव सरकारचा, पाणी सर्वांचे व गाळ कोणाचाच नाही, अशी अवस्था होई.

पुढचा अध्याय क्लेशकारक आहे. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी शेतकरी-आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी एक लाख रुपयांची मदत पोहोचण्यापूर्वी ते मरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ याची चौकशी होई. कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असेल तर ते हिशेबात धरले जाई, सोयऱ्याकडून घेतलेल्या उसनवारीला तेथे जागा नव्हती. २००८ च्या कर्जमाफीने दोन हेक्टरांची रेषा आखली, तेव्हा सात-आठ एकर कोरडवाहू असलेला वऱ्हाडी शेतकरी पूर्ण माफीबाहेर राहिला आणि चार एकर बागायतीचा धनी आत आला. २०१७ व २०१९ साली पुन्हा माफ्या झाल्या. बुडत्याला त्यांनी हात दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि मागील देणे पुसणारी माफी पुढील हंगामाचा पाऊस आणि भाव यांना स्पर्श करीत नाही, म्हणून तिची गरज पुनःपुन्हा उत्पन्न होते, आणि त्याचा दोष मात्र शेतकऱ्याच्या स्वभावाला दिला जातो.

२०१८ साली भारतीय जैन संघटना आणि जिल्हा प्रशासन यांनी ‘सुजलाम् सुफलाम् बुलढाणा’ या नावाने तलावांतील तोच बेवारस गाळ काढण्याचे जे काम हाती घेतले, त्यात यंत्रे संघटनेची, इंधन सरकारचे आणि गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा अशी वाटणी होती. ही वाटणी मला तत्त्वतः उचित वाटते, कारण ट्रॉलीचे भाडे स्वतः भरणारा मनुष्य कोणत्या वावरात किती गाळ टाकावा हेही स्वतःच ठरवितो. परंतु ज्याला ते भाडे झेपत नाही, किंवा ज्याला वावरच नाही, त्याच्या पदरात काय पडले? ज्या भूमिहीनाने पूर्वी घमेल्याने माती वाहून तलाव उभा केला, त्याचाच तलाव पोकलेनने उपसला जातो तेव्हा त्याची मजुरी जाते आणि सुपीक माती दुसऱ्याच्या रानात पडते.

जबाबदारी पेलावयासही माणसापाशी काही भांडवल असावे लागते, हा या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष आहे. पाऊस, भाव आणि भूजल यांच्या बाबतीत सरकारने हात आखडता घेणे हा कर्तव्यत्याग होय. बांध कोणत्या नाल्यावर घालावा आणि त्याची निगा कशी राखावी, हे ठरविण्याचा अधिकार मात्र ग्रामसभेचा आहे, आणि तो सरकारने बळकावू नये. अल्पभूधारकाचे गाळाचे वाहतूकभाडे रोजगार हमीच्या निधीतून द्यावे, तलावाच्या वार्षिक डागडुजीची मजुरी भूमिहीनांसाठी राखून ठेवावी. एवढी तजवीज झाल्यावरही जो तलाव गाळाने भरेल, त्याचा जाब गावाने द्यावा. तोवर तो शासनाला द्यावयाचा आहे.