कोविड ड्युटीचे 100 दिवस: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना नेमकं काय मिळालं?

जत : सांगली जिल्ह्यात कोरोनाचे पहिले चार रुग्ण मार्च 2020 मध्ये इस्लामपुरात सापडले. पुढे मिरजेचं शासकीय रुग्णालय कोविडसाठी राखीव झालं. नर्सिंगचे वर्ग मोबाईलवर आले. जतच्या सीमाभागातल्या गावांत रेंजचे काय हाल असतात, हे वेगळं सांगायला नको. पण खरी अडचण रेंजची नव्हती. सलाईन लावणं, बाळंतिणीची तपासणी, ऑपरेशननंतरची देखभाल हे स्क्रीनवर शिकता येत नाही. कोविड वॉर्डात गेलेल्यांचा ऑक्सिजन आणि पीपीई किटचा सराव झाला. प्रसूती व बालरुग्ण विभागाचा मात्र मागे पडला.

3 मे 2021 रोजी केंद्राने बीएस्सी आणि जीएनएम परिचारिकांना वरिष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड ड्युटी देण्याचा निर्णय घेतला. अंतिम परीक्षेची वाट पाहणारे विद्यार्थीही त्यात होते. किमान 100 दिवस काम करणाऱ्यांना पुढच्या नियमित सरकारी भरतीत प्राधान्य, असं जाहीर झालं. प्राधान्य म्हणजे नोकरी नव्हे, हा फरक अनेक घरांत नंतर कळला असेल. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तर तेही नाही; त्यांचा फक्त सराव बुडाला.

2021 मध्येच भारतीय परिचर्या परिषदेने बीएस्सी नर्सिंगला सत्र पद्धत आणली, पुतळ्यांवरच्या सरावालाही अभ्यासक्रमात जागा दिली.

त्या काळात ड्युटी केली असेल, तर अनुभवाचा दाखला काढून पाहा. त्यावर रुजू झाल्याची आणि कार्यमुक्तीची तारीख हवी. नुसतं ‘कोविड योद्धा’ असं सन्मानपत्र असेल, तर त्यावरून दिवस मोजता येत नाहीत.