त्याच्यावरही राज्य येऊ द्या

चेंबूरच्या बाजूला टेकडीच्या उतारावर एक वस्ती आहे. गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी आम्ही तिथं रक्तदाब आणि साखर तपासायला गेलो होतो. विहाराच्या ओसरीत टेबल मांडलं होतं. समोर पंधरा-वीस फूट रुंदीची मोकळी जागा. वस्तीचं मैदान, लग्नाचा मांडव, जयंतीचा मंच, सगळं तेवढ्याच जागेत. पोरांचं अंडरआर्म क्रिकेट रंगलं होतं. ओसरीच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा बसला होता. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. दोन्ही पाय ताठ, उजवा हात आत वळलेला, बोलणं थोडं अडखळत. मांडीवर वही ठेवून तो डाव्या हातानं रन लिहीत होता.

"हा आमचा अंपायर," पोरं कौतुकानं म्हणाली. आम्हीही कौतुक केलं. मुलांनी त्याला सामावून घेतलंय म्हणून बरं वाटलं. तपासणी आटोपत आली तेव्हा आमच्यातल्या एका ताईनं त्याला सहज विचारलं, "तू कधी बॅटिंग करतोस की नाही?"

वहीतून मान वर न काढता तो म्हणाला, "मी अजून एकदाही आऊट झालेलो नाही."

आम्ही हसलो. तो हसला नाही. मग उमजलं की पोरगं फुशारकी मारत नाहीये, तक्रार करतंय. ज्याच्या हाती बॅटच येत नाही तो आऊट कसा होणार?

लहानपणी आपण सगळे खेळलोय. खेळात एखादं अगदी छोटं भावंड असलं की त्याला 'कच्चा लिंबू' करायचे. तो पळायचा, ओरडायचा, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. तो पकडला गेला तरी चालायचं, कारण तो धरलेलाच नसायचा. चार वर्षांच्या पोराला त्यात मजा वाटते. पण अपंग मूल बारा वर्षांचं होवो की वीस वर्षांचं, आपण त्याला कच्चा लिंबूच ठेवतो. स्कोअर लिही, चपला सांभाळ, पाण्याची बाटली धर. हे खेळणं नव्हे. राज्य येणं, आऊट होणं, भांडणं, रुसणं आणि परत येणं हे सगळं मिळून खेळ होतो.

त्या दिवशी आम्ही त्याच्या आजीशी बोललो. मुलाची आई घरकामाला जाते, बाप रंगकाम करतो, दिवसभर पोर आजीजवळ. "पडलाबिडला तर कोण बघणार, ताई? दवाखान्याचा खर्च कोण देणार? बसलाय तिथं सुखानं बसू द्या," ती म्हणाली. तिला आम्ही दोष देत नाही. हातावर पोट असलेल्या घरात एक मोडलेला हात म्हणजे महिन्याचं रेशन. पण बसून राहण्याचाही खर्च असतो, फक्त तो हळूहळू फिटत जातो म्हणून दिसत नाही.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचे स्नायू ताठ असतात. मूल वाढतं तशी हाडं लांब होतात, ताठलेला स्नायू मात्र त्या वेगानं लांब होत नाही. हालचाल नसेल तर गुडघा, घोटा, कोपर वाकल्या जागी आवळून बसतात. मग कपडे बदलताना दुखतं, शौचाला बसवता येत नाही, आणि पुढं शस्त्रक्रियेची वेळ येते. अंगावर भार न पडल्यानं हाडं ठिसूळ होतात. बसून बसून बद्धकोष्ठता होते, झोप लागत नाही, चिडचिड वाढते. वजन वाढलं की पोराला उचलणारी आई कंबर धरून बसते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली शारीरिक हालचालींची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात अपंग मुलांचा वेगळा विचार आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल करावी, आणि हे अपंग मुलांनाही लागू आहे, ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे. सुरुवात पाच मिनिटांनी झाली तरी हरकत नाही.

"फिजिओथेरपीला नेतो की," असं काही पालक सांगतात. न्यावंच. पण आठवड्यातून दोनदा, तेही मजुरी बुडवून आणि बस बदलून. खेळ मात्र दारात असतो. आम्ही पाहिलंय, व्यायाम म्हणून हात लांब कर म्हटलं की मूल दहा वेळा करून कंटाळतं, आणि चेंडू पकडायला तोच हात मोजदाद न ठेवता लांब करतं.

आता कुणी म्हणेल, तब्येतीसाठी ठीक, पण खेळ हा काही हक्क आहे का? आहे. राज्यघटनेचं १५ वं कलम काढून पाहा. जात, धर्म, लिंग यांवरून कुणालाही दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांपासून अडवता येणार नाही असं तिथं लिहिलंय. त्याच यादीत सार्वजनिक करमणुकीची ठिकाणंही आहेत. पाण्याच्या आणि रस्त्याच्या पंक्तीत करमणूक बसवली आहे, चैनीची गोष्ट म्हणून वगळलेली नाही. त्या कलमात अपंगत्वाचा उल्लेख मात्र नव्हता, तो पुढं यावा लागला. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार केला, भारतानं २००७ मध्ये त्याला मान्यता दिली. त्याचं ३० वं कलम सांगतं की अपंग मुलांना खेळ, करमणूक आणि क्रीडा यांत इतर मुलांच्या बरोबरीनं भाग घेता आला पाहिजे, शाळेतही. त्यावर आपल्याकडं २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा झाला. त्याचं २९ वं कलम संस्कृती आणि करमणुकीचं आहे, ३० वं क्रीडेचं. १६ वं कलम सगळ्यात कामाचं, कारण ते शाळांना लागू होतं. सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या शाळेनं अपंग मुलाला खेळाची संधी इतरांच्या बरोबरीनं द्यायची आहे. पी.टी.च्या तासाला "तू वर्गात बस, दप्तरं सांभाळ" म्हणणं या कायद्यात बसत नाही. त्यासाठी ४० टक्क्यांचा दाखलाही लागत नाही. तो दाखला सवलती आणि आरक्षणासाठी.

'दिव्यांग' हा शब्द सरकारी कागदावर आहे म्हणून आम्हीही लिहिला. नाव गोड केल्यानं माणसाचं जिणं गोड होत नाही, हे 'हरिजन' शब्दानं आपल्याला कधीच शिकवलंय. पायरी होती तेवढीच उंच राहते.

खेळाचे नियम कसे बदलायचे, हे वस्तीच्या पोरांना शिकवायची गरजच नाही. गल्लीत जागा नाही म्हणून अंडरआर्म टाकतात. भिंतीला लागला की दोन रन, कुणाच्या खिडकीत गेला की आऊट, एक टप्पा कॅच आऊट. भिंतीसाठी नियम बदलतो, शेजाऱ्याच्या काचेसाठी बदलतो, मग आपल्याच दोस्तासाठी का नाही? अंधांच्या क्रिकेटमध्ये तेच केलंय. प्लास्टिकच्या कडक चेंडूत छर्रे असतात, तो खुळखुळत येतो. गोलंदाज आधी विचारतो, "रेडी?", फलंदाजानं "येस" म्हटलं की "प्ले" म्हणून सरपटी चेंडू टाकतो. अकरांत किमान चार जण पूर्ण अंध असावेच लागतात. तसा चेंडू नसला तर साधा रबरी चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा, सरपटताना चुरचुर वाजतो. आंधळी कोशिंबिरीत तर अंध मूल डोळसांना भारी पडतं. आणि लंगडी! एका पायावर उड्या मारण्याला आपण खेळ म्हणतो, शाळेत स्पर्धा घेतो, आणि खरोखर लंगडणाऱ्याला बाहेर बसवतो. याचं नवल कुणाला कसं वाटत नाही?

ज्याचे हात-पाय फार साथ देत नाहीत त्याच्यासाठी बोचिया नावाचा खेळ आहे, पॅरालिम्पिकमध्येही खेळतात. पांढरा चेंडू पुढं टाकायचा, एकाकडं सहा लाल, दुसऱ्याकडं सहा निळे, पांढऱ्याच्या जवळ ज्याचा चेंडू त्याचा गुण. हातानं फेकता येत नसेल तर उतरत्या पन्हळीवरून सोडतात. घरी करायचा तर जुन्या कपड्याच्या गोळ्यांत वाळू भरून शिवा, साधारण २७५ ग्रॅमचा एक, आणि पी.व्ही.सी. पाइप उभा चिरला की पन्हळ तयार. कॅरमबोर्ड उंच स्टँडवर ठेवला तर व्हीलचेअर खाली सरकते. कर्णबधिर मुलांच्या खेळात शिटीऐवजी रुमाल हलवा.

काही बाबतींत जपायला हवं. फिट येणाऱ्या मुलाला पाण्यात आणि उंचावर एकटं सोडू नये, बाकी खेळ बंद करायचं कारण नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असू शकतो, म्हणून कोलांटी, शीर्षासन, कुस्ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ज्यांच्या पायांना संवेदना नाही त्यांना तापलेल्या फरशीचा चटकाही कळत नाही. खेळून आल्यावर पाय आणि बैठक रोज नजरेनं तपासा.

विदर्भातल्या आपल्या घरांना सिकलसेल नवा नाही. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेलही आहे. पण आम्ही एएस आणि एसएस यांत गल्लत होताना पाहतो. एएस म्हणजे वाहक. 'सिकलवाला' म्हणून त्या मुलाला घरात कोंडू नका, नेहमीसारखं खेळू द्या, फक्त कडक उन्हात पाणी आणि विश्रांती द्या. एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार. त्या मुलानंही खेळावं, पण भर उन्हात नाही, गार पाण्यात नाही. पाणी जवळ हवं, आणि दमलो म्हटलं की थांबायची मुभा हवी. ईर्ष्येनं शेवटपर्यंत पळायला लावू नका. ताप, छातीत दुखणं, धाप, पोट एकाएकी फुगणं किंवा एक बाजू लुळी पडणं दिसलं तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना.

मुलींबद्दल वेगळं लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं. अपंग मुलगा निदान ओसरीवर तरी दिसतो, मुलगी खोलीतच. "काही झालं तर?" ही भीती खोटी नाही. पण म्हणून कोंडून ठेवण्यापेक्षा महिला मंडळाच्या बैठकीला तिला सोबत न्या, बायकांच्या नजरेसमोर दोन तास सागरगोटे, कॅरम, गाणी होऊ देत. नांदेड जिल्ह्यातली भाग्यश्री जाधव बसून गोळाफेक करते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनाला देशाचा झेंडा सुमित अंतिलच्या जोडीनं तिच्याही हातात होता. आणि भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्णपदक १९७२ साली जलतरणात मिळवून देणारे मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले जवान. ही नावं मुलांना सांगा. मात्र पदक आणणाराच खेळायला लायक, असा अर्थ काढू नका. हरणाऱ्यालाही तेवढाच हक्क आहे.

मोठ्यांनाही करमणूक लागते. पोलिओ झालेली मावशी गेल्या कित्येक जयंत्या घराच्या दारातून ऐकते, कारण विहाराला चार पायऱ्या आहेत. एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार लागतो. चार पायऱ्या म्हणजे दोन फूट धरले तर चोवीस फूट. जागा नसेल तर मधे वळण द्या. ग्रामपंचायत असो की महानगरपालिका, महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. वस्तीतल्या बागेच्या दारातला आडवा लोखंडी बार काढण्यासाठी, मैदानात उतार करण्यासाठी मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्तर नाही आलं तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांकडं तक्रार करता येते. जयंतीच्या डीजेबद्दलही एक सांगायचंय. स्वमग्न मुलाला तो आवाज अक्षरशः टोचतो. सकाळची वंदना आणि रॅली त्याच्यासाठी ठेवा, रात्री कान झाकायला काही द्या.

पावसाळ्याआधी आम्ही त्या वस्तीत पुन्हा गेलो. या वेळी पोरांना गोळा करून एवढंच विचारलं, "याला बॅटिंग द्यायची तर काय करावं लागेल?" पाच मिनिटं नुसता गोंधळ. मग नियम ठरले. खुर्चीतूनच बॅटिंग, डाव्या हातानं. दोन टप्पे पडलेला चेंडू. मागची भिंत म्हणजे स्टंप. खुर्चीला लागला तर आऊट नाही. धावायला रनर. एक पोरगा म्हणाला, "त्याला तीन चान्स देऊ." खुर्चीतला लगेच म्हणाला, "नको. एकच."

आजी दारात पदर तोंडाला लावून उभी होती. पहिला चेंडू बॅटच्या कडेला लागला, रनर एक पळाला. दुसऱ्या बाजूनं रनर परत आला, चौथा चेंडू थेट भिंतीवर गेला. "आऊट!" सगळे एकदम ओरडले. तो लालबुंद झाला. "नो बॉल होता! तीन टप्पे पडले!" त्याचा आवाज अडखळत होता, पण गल्लीच्या टोकापर्यंत गेला. दोन पोरं त्याच्या बाजूनं, चार विरुद्ध. दहा मिनिटं भांडण चाललं. शेवटी त्यानं बॅट खाली टाकली आणि उद्यापासून खेळणार नाही म्हणून सांगितलं.

स्कोअरची वही ओसरीवर तशीच पडली होती. दुसऱ्या एका पोरानं ती उचलली, त्याच्या नावापुढं एक रन लिहिली आणि पुढं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आऊट'.